लेथवरील मिलिंग

लेथवरील मिलिंग म्हणजे गोल जॉब कातण्यासाठी बनवलेल्या लेथवर, अर्थात कातयंत्रावर, मिलिंग यंत्राचे काम करून घेणे. सपाट पृष्ठभाग, खाचा, पायऱ्या, शाफ्टमधील चावीचे गाळे, दंतचक्रांचे दाते ही अशा कामांची उदाहरणे होत. घरगुती किंवा छोट्या कार्यशाळेत जागा व पैसा यांच्या मर्यादेमुळे बहुधा एकच यंत्र असते आणि ते लेथ असते. अशा ठिकाणी कटर लेथच्या स्पिंडलमध्ये बसवून व जॉब क्रॉस स्लाइडवर बांधून मिलिंग केले जाते. ही पद्धत १९व्या शतकापासून प्रचलित असून ब्रिटनमधील हौशी यंत्रकारांनी, विशेषतः लहान वाफेची इंजिने बनवणाऱ्यांनी, ती २०व्या शतकात पुष्कळ विकसित केली.

लेथची रचना मिलिंगसाठी केलेली नसते. त्यामुळे या पद्धतीतील बहुतेक नियम लेथमध्ये उणी असलेली दृढता, म्हणजे बळाखाली न वाकण्याचा गुण, भरून काढण्यासाठी आहेत. ते पाळल्यास लहान लेथवरही अचूक काम होते. न पाळल्यास कटर मोडणे, जॉब वाया जाणे आणि इजा होणे हे तिन्ही संभवते.

## तत्त्व

लेथमध्ये जॉब फिरतो आणि एकच धार असलेले हत्यार त्याच्या जवळ सरकवले जाते. मिलिंगमध्ये अनेक दाते असलेला कटर फिरतो आणि जॉब त्याच्याकडे सरकवला जातो. दोन्ही यंत्रांत फिरणारा स्पिंडल व सरळ रेषेत सरकणारे भाग असतात. त्यामुळे कटर व जॉब यांच्या जागांची अदलाबदल केली की लेथ हे तत्त्वतः आडव्या स्पिंडलचे मिलिंग यंत्र बनते.

मिलिंगसाठी परस्परांना लंब अशा तीन दिशांनी सरकण्याची सोय लागते. लेथमध्ये यांपैकी दोन मूळचीच असतात. सॅडल बेडवरून स्पिंडलच्या अक्षाला समांतर सरकते, तर तिच्यावरील क्रॉस स्लाइड त्या अक्षाला काटकोनात आडवी सरकते. तिसरी, म्हणजे वर-खाली होणारी हालचाल लेथला नसते, कारण कातताना हत्याराचे टोक कायम स्पिंडलच्या मध्यरेषेच्या उंचीवरच ठेवायचे असते. ही तिसरी हालचाल कशी मिळवायची हा लेथवरील मिलिंगमधील पहिला प्रश्न असतो. कटर घट्ट कसा धरायचा हा दुसरा, आणि सगळी मांडणी थरथरणार नाही याची व्यवस्था करणे हा तिसरा.

## इतिहास

फिरत्या कटरने धातू कापण्याची कल्पना स्वतंत्र मिलिंग यंत्रापेक्षा जुनी आहे. १८व्या शतकाच्या अखेरीपासून लंडनमध्ये होल्ट्झॅपफेल घराण्याने बनवलेल्या शोभिवंत कातकामाच्या लेथवर छपराजवळच्या पुलीवरून दोरी खाली आणून स्लाइडवरील लहान कटर फिरवला जाई आणि जॉब चकमध्ये स्थिर ठेवला जाई. कारखान्यांतील मिलिंग यंत्रे १९व्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत विकसित झाली. १८६२मध्ये ब्राउन अँड शार्प या अमेरिकन कंपनीच्या जोसेफ ब्राउन यांनी सार्वत्रिक मिलिंग यंत्र बनवले. पिळाच्या ड्रिलमधील सर्पिल खोबणी यंत्राने कापणे हा त्यामागचा एक प्रमुख हेतू होता. त्यानंतर कारखान्यांत कातणे व मिलिंग ही कामे स्वतंत्र यंत्रांवर होऊ लागली.

हौशी कारागिराला मात्र दोन यंत्रे परवडत नसत. १८९८मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनमध्ये 'मॉडेल इंजिनियर' हे नियतकालिक सुरू केले. एकाच लेथवर शक्य तितकी कामे कशी करता येतील हा त्यातील कायमचा विषय होता. १९२०च्या दशकापासून 'एलबीएससी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने त्यात लहान वाफेच्या इंजिनांच्या कृती क्रमशः दिल्या. त्या वाचणाऱ्यांपैकी अनेकांकडे लेथ, हाताने चालणारे ड्रिल आणि कानस यांपलीकडे फारसे काही नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६मध्ये, नॉटिंगहॅमजवळील बीस्टन येथील मायफर्ड कंपनीने एमएल७ हा लेथ बाजारात आणला. बेडपासून स्पिंडलच्या मध्यरेषेपर्यंत साडेतीन इंच, म्हणजे सुमारे ८९ मिमी, उंची असलेल्या या लेथची क्रॉस स्लाइड लांब व टी-खाचांची होती. तिच्यावर जॉब थेट बांधता येई आणि व्हर्टिकल स्लाइड हे जोडसाधनही बसवता येई. त्यामुळे ब्रिटनमध्ये लेथवरील मिलिंगचा हा जणू नमुनाच ठरला. ऑस्ट्रियातील हालाइन येथील एम्को कंपनीने १९५०च्या दशकात युनिमॅट हा अगदी लहान लेथ काढला. त्यात स्पिंडलसह हेडस्टॉक उचलून उभ्या खांबावर बसवता येई आणि लेथचे छोट्या उभ्या मिलिंग यंत्रात रूपांतर होई.

'ट्यूबल केन' या टोपणनावाने लिहिणारे टॉम वॉलशॉ यांचे 'मिलिंग ऑपरेशन्स इन द लेथ' हे पुस्तक या विषयावरील परिचित ग्रंथांपैकी आहे. अमेरिकेत डेव्हिड गिंगरी यांनी भंगारातील अ‍ॅल्युमिनियम ओतून संपूर्ण कार्यशाळा उभारण्याची पुस्तकमालिका लिहिली. तिच्यात आधी भट्टी, मग लेथ, मग शेपर आणि त्यानंतर मिलिंग यंत्र असा क्रम आहे. लेथ हाती आला की त्याच्या आधारे पुढची यंत्रे बनवता येतात, हा विचार त्या क्रमामागे आहे.

## कटर धरणे

### चकमधील धोका

नवशिक्याला सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे कटरचा दांडा तीन जबड्यांच्या चकमध्ये आवळणे. ही पद्धत कामचलाऊ असून तिच्यात दोन दोष आहेत. पहिला दोष पकडीचा आहे. कटरचा दांडा कठीण व गुळगुळीत असतो आणि चकचे जबडे त्याला तीन अरुंद रेषांवरच धरतात. नेहमीच्या एंड मिलचे दाते उजव्या पिळाचे असतात. हा पिळ कीस दांड्याकडे उचलतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून कटर स्वतः जॉबच्या दिशेने बाहेर ओढला जातो. पकड किंचितही सैल असल्यास कटर हळूहळू पुढे सरकतो, काप आपोआप खोल होत जातो, आणि खोली वाढली की ओढही वाढते. शेवटी कटर मोडतो किंवा जॉब बांधणीतून निखळतो.

दुसरा दोष फिरण्याच्या अचूकतेचा आहे. वापरलेल्या चकमध्ये दांडा एक-दोन शतांश मिलिमीटर ते त्याहून अधिक लंगडू शकतो. प्रत्येक दात एका वेळी दोन-तीन शतांश मिलिमीटरच कापत असल्याने एवढ्या लंगडण्यानेही सारा भार एकाच दातावर येतो आणि खाच ठरल्यापेक्षा रुंद होते.

ड्रिल चक याहून अयोग्य असतो. तो टोकाकडून येणाऱ्या दाबासाठी बनवलेला असतो. बाजूने येणारे बळ व कंप यांमुळे त्याचा निमुळता दांडा स्पिंडलमधून सुटू शकतो आणि फिरता चक कटरसह बाहेर पडू शकतो.

### कॉलेट व ड्रॉबार

योग्य साधन म्हणजे कॉलेट. ही चिरा दिलेली पोलादी नळी दांड्याला जवळजवळ सर्व परिघावर आवळते. मायफर्डसारख्या लेथच्या स्पिंडलला आतून दोन क्रमांकाचा मोर्स उतार असतो, तर आजच्या बहुतेक मिनी लेथना तीन क्रमांकाचा. त्या उतारात बसणारी कॉलेट स्पिंडलच्या पोकळीतून आरपार जाणाऱ्या लांब बोल्टने, म्हणजे ड्रॉबारने, मागून ओढून घट्ट केली जाते. उतार असलेले कोणतेही साधन मिलिंगसाठी वापरताना ड्रॉबार आवश्यक मानतात. कारण मोर्स उताराची पकड अक्षाच्या दिशेने येणाऱ्या दाबावर टिकते आणि मिलिंगमध्ये असा दाब सतत नसतो. हल्ली ईआर प्रकारच्या कॉलेट सर्वाधिक वापरात आहेत. त्यांपैकी ईआर-२५ आकाराच्या संचाने १ ते १६ मिमी व्यासाचे दांडे धरता येतात.

### स्वतः बनवलेला धारक

कॉलेटचा संच नसल्यास लेथवरच धारक बनवता येतो. चकमध्ये पोलादाचा एक तुकडा धरून त्यात कटरच्या दांड्याच्या मापाचे भोक बोरिंग हत्याराने केले जाते आणि बाजूने एक-दोन स्क्रू बसवले जातात. दांड्यावर सपाट जागा घासून स्क्रू तिच्यावर आवळले की कटर पुढे सरकू शकत नाही. भोक लेथच्याच स्पिंडलवर केलेले असल्याने तुकडा चकमधून न काढता वापरल्यास कटर अगदी खरा फिरतो.

### दोन सेंटरांमधील कटर

साइड अँड फेस कटर किंवा स्लिटिंग सॉ यांसारखे चकतीच्या आकाराचे कटर एका दांड्यावर बसवून तो दांडा हेडस्टॉक व टेलस्टॉक यांच्या सेंटरांमध्ये धरता येतो. दांड्याला दोन्ही टोकांना आधार असल्याने लेथवरील मिलिंगची ही सर्वांत दृढ मांडणी आहे. लांब खाचा व पट्ट्या कापण्यासाठी ती उपयोगी पडते. अशा वेळी जॉब क्रॉस स्लाइडवर थेट बांधतात.

## जॉब धरणे

### टूलपोस्टमध्ये

कोणतेही जोडसाधन नसताना जॉब टूलपोस्टमध्ये हत्याराच्या जागी आवळला जातो. त्याची उंची खाली पट्ट्या, म्हणजे पॅकिंग, देऊन ठरवावी लागते. एका वेळी एकाच उंचीवर काप घेता येतो. जिथे एकच खाच हवी असते, तिथे ही मर्यादा अडचणीची ठरत नाही.

### अँगल प्लेटवर

क्रॉस स्लाइडला टी-खाचा असल्यास तिच्यावर काटकोनी अँगल प्लेट बांधून तिला जॉब क्लॅम्पने धरतात. मोठ्या सपाट पृष्ठभागांसाठी ही पद्धत चांगली, कारण मध्ये सरकणारा सांधा नसतो. अशा जॉबवर एकाच धारेचा फ्लाय कटर वापरून एका फेरीत रुंद पृष्ठभाग सपाट करता येतो.

### व्हर्टिकल स्लाइड

लेथला नसलेली वर-खाली होणारी हालचाल व्हर्टिकल स्लाइडने मिळते. हिचे सरकते टेबल क्रॉस स्लाइडवर उभे बांधले जाते व माप दिलेल्या चाकाने वर-खाली होते. टेबलावर जॉब थेट किंवा छोट्या व्हाइसमध्ये, म्हणजे शेगड्यात, धरला जातो. दोन अक्षांभोवती वळवता येणारी व्हर्टिकल स्लाइडही मिळते. तिरप्या खाचांसाठी ती सोयीची असली, तरी प्रत्येक जादा सांध्याने दृढता घटत असल्याने साध्या कामाला स्थिर प्रकारच अधिक पसंत केला जातो.

व्हर्टिकल स्लाइड कटरच्या अक्षाला काटकोनात बसवण्याची एक सोपी रीत आहे. स्पिंडलवर फेसप्लेट चढवून, स्लाइडचे बोल्ट सैल ठेवून, सॅडल पुढे नेत टेबल फेसप्लेटला अलगद टेकवले जाते. टेबल फेसप्लेटला पूर्ण चिकटले की बोल्ट आवळतात. नंतर चकमध्ये डायल गेज धरून व क्रॉस स्लाइड सरकवून खात्री करून घेतली जाते.

## वेग, फीड व कापाची खोली

कटरच्या धारेचा वेग ठरावीक मर्यादेत ठेवावा लागतो. फेऱ्यांची संख्या काढण्यासाठी मीटरमधील कापण्याच्या वेगाला १००० ने गुणून, आलेल्या संख्येला कटरच्या मिलिमीटरमधील व्यासाच्या ३.१४ पटीने भागतात. हायस्पीड पोलादाच्या कटरसाठी साधारण मार्गदर्शक आकडे पुढीलप्रमाणे आहेत.

| धातू | वेग, मीटर प्रतिमिनिट | ६ मिमी कटर, फेरे प्रतिमिनिट | १० मिमी कटर, फेरे प्रतिमिनिट | २० मिमी कटर, फेरे प्रतिमिनिट |
|---|---|---|---|---|
| बीड | २० | १०५० | ६५० | ३२० |
| मृदू पोलाद | २५ | १३०० | ८०० | ४०० |
| पितळ | ४५ | २४०० | १४०० | ७०० |
| अ‍ॅल्युमिनियम | ७५ | ४००० | २४०० | १२०० |

पट्ट्यावर चालणाऱ्या अनेक जुन्या लेथचा कमाल वेग मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आतच असतो. त्यामुळे लहान कटर त्यांवर अपेक्षेपेक्षा हळू फिरतो. त्याने कटरचे नुकसान होत नाही, मात्र त्या प्रमाणात जॉबही हळू सरकवावा लागतो.

फीड म्हणजे जॉब सरकवण्याचा वेग. १० मिमी व्यासाचा, दोन दात्यांचा कटर मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरत असेल आणि प्रत्येक दाताने ०.०३ मिमी कापावे असे ठरवले, तर जॉब मिनिटाला ४८ मिमी सरकला पाहिजे. क्रॉस स्लाइडचा स्क्रू एका फेऱ्यात २ मिमी सरकवत असेल, तर तिचे चाक मिनिटाला २४ वेळा फिरवावे लागते. हाताने हा वेग सांभाळता येतो. चार दात्यांच्या कटरसाठी तोच वेग दुप्पट होतो आणि एकसारखा राखणे अवघड जाते. हाताने फीड देताना दोन दात्यांचा कटर सोयीचा पडतो, त्याचे हे एक कारण आहे. फीड अति हळू ठेवणेही चुकीचे आहे, कारण मग दाते कापण्याऐवजी घासतात व बोथट होतात.

पोलादात लहान लेथवर एका फेरीत ०.२५ ते ०.५ मिमी खोलीचा काप सामान्यतः सुरक्षित समजला जातो. बीड व पितळ कोरडेच कापतात. पोलादाला कापण्याचे तेल, तर अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल ब्रशने लावण्याची जुनी पद्धत आहे.

लेथवरील मापांबाबत एक सावधगिरी बाळगावी लागते. अनेक लेथच्या क्रॉस स्लाइडचे चाक जॉबच्या व्यासात होणारी घट दाखवते. म्हणजे चाकावर १ मिमी वाचले तरी स्लाइड प्रत्यक्षात अर्धाच मिलिमीटर सरकलेली असते. कातताना सोयीची असणारी ही खूण मिलिंगमध्ये माप चुकवते.

## कापाची दिशा

मिलिंगमध्ये जॉब दोन दिशांनी सरकवता येतो. कटरचे दाते ज्या दिशेने जातात, तिच्या विरुद्ध जॉब सरकवल्यास कटर जॉबला मागे रेटतो. हे पारंपरिक मिलिंग होय. दाते जातात त्याच दिशेने जॉब सरकवल्यास कटर जॉबला आपल्याकडे ओढतो. याला क्लाइंब मिलिंग म्हणतात.

लेथच्या क्रॉस स्लाइडचा स्क्रू व नट यांत नेहमी थोडी मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, असते. ही मोकळीक ०.२ मिमी असेल, तर क्लाइंब मिलिंगमध्ये कटर जॉबला एका झटक्यात तेवढे ओढून घेऊ शकतो. प्रत्येक दाताने ०.०३ मिमी कापायचे ठरले असताना एकाच दाताला त्याच्या जवळजवळ सातपट काप घ्यावा लागतो आणि लहान कटर तिथेच मोडतो. म्हणून लहान लेथवर पारंपरिक दिशाच वापरली जाते.

लेथ नेहमीच्या दिशेने फिरत असताना कटरच्या वरच्या कडेचे दाते यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाकडे येतात आणि खालच्या कडेचे त्याच्यापासून दूर जातात. त्यामुळे जॉब कटरच्या वर असेल तर क्रॉस स्लाइड आत, आणि खाली असेल तर बाहेर, म्हणजे स्वतःकडे, सरकवावी लागते.

ज्या दिशेची हालचाल त्या कापात नको असते, ती कुलूपबंद करणे हाही मूलभूत नियम आहे. क्रॉस स्लाइडने फीड देताना सॅडल बेडला आवळून ठेवतात आणि व्हर्टिकल स्लाइडच्या गिब पट्ट्या घट्ट करतात. खोली देण्यासाठी सॅडल हाताच्या मोठ्या चाकाने ढकलण्यापेक्षा हाफ-नट लावून लीड स्क्रू फिरवणे अधिक अचूक असते. एमएल७च्या लीड स्क्रूला यासाठी टोकाशी हातचाक बसवता येत असे. त्या स्क्रूला इंचास आठ आटे असल्याने एका फेऱ्यात सॅडल इंचाचा अष्टमांश सरके.

## उदाहरण: शाफ्टमधील चावीची खाच

पुली किंवा दंतचक्र शाफ्टवर घसरू नये म्हणून दोघांत मिळून एक चौकोनी चावी बसवतात. १७ मिमीपेक्षा जास्त व २२ मिमीपर्यंत व्यासाच्या शाफ्टसाठी प्रमाणित चावी ६ मिमी रुंद व ६ मिमी उंच असते आणि शाफ्टमधील खाच ३.५ मिमी खोल असते. २० मिमी शाफ्टमध्ये २५ मिमी लांबीची अशी खाच कापण्याची कृती पुढीलप्रमाणे आहे.

१. ६ मिमीचा दोन दात्यांचा स्लॉट ड्रिल कॉलेटमध्ये शक्य तितका आखूड बाहेर ठेवून धरतात. हा कटर टोकाच्या मध्यापर्यंत कापतो, त्यामुळे खाचेची सुरुवात थेट जॉबमध्ये शिरून करता येते.

२. शाफ्ट क्रॉस स्लाइडच्या सरकण्याच्या दिशेला समांतर, आडवा धरतात. व्हर्टिकल स्लाइड नसल्यास तो टूलपोस्टमध्ये पॅकिंगवर ठेवतात. पॅकिंग जिच्यावर टेकते त्या पृष्ठभागापासून स्पिंडलची मध्यरेषा ५० मिमी उंच असेल, तर शाफ्टची १० मिमी त्रिज्या वजा करून ४० मिमी पॅकिंग लागते.

३. व्हर्टिकल स्लाइड असल्यास शाफ्टच्या वरच्या बाजूला पातळ कागद तेलाने चिकटवतात. शाफ्ट कटरच्या खाली ठेवून, कटर फिरता ठेवून, शाफ्ट हळूहळू वर आणला जातो. कागद ओढला गेला की चाकावर शून्य धरतात. मग कटर बाजूला घेऊन शाफ्ट त्याची त्रिज्या, कटरची त्रिज्या आणि कागदाची जाडी यांच्या बेरजेइतका वर घेतात. कागद ०.०३ मिमी जाड असल्यास ही बेरीज १३.०३ मिमी येते. आता कटर व शाफ्ट यांच्या मध्यरेषा एका उंचीवर असतात.

४. सॅडल पुढे नेऊन कटर शाफ्टला टेकवतात आणि खोलीचे शून्य ठरवतात. एका वेळी अर्धा मिलिमीटर आत जाऊन, सॅडल आवळून, क्रॉस स्लाइड १९ मिमी सरकवतात. कटरची स्वतःची ६ मिमी रुंदी मिळून खाच २५ मिमी लांब होते. ३.५ मिमी खोलीसाठी अशा सात फेऱ्या लागतात.

खाच अचूक रुंदीची हवी असल्यास आधी ५ मिमी कटरने मधला भाग काढून नंतर ६ मिमी कटरने शेवटचा हलका काप घेतात. पूर्ण रुंदीच्या कापात कटर एका बाजूला वाकतो आणि खाच किंचित रुंद व तिरपी होते, ते याने टळते.

पुलीच्या भोकातील चावीची खाच मिलिंगने कापता येत नाही. ती लेथवरच वेगळ्या रीतीने केली जाते. पुली चकमध्ये धरून स्पिंडल फिरणार नाही असा अडकवतात, टूलपोस्टमध्ये चौकोनी टोकाचे हत्यार बसवतात आणि सॅडल हाताने पुढे-मागे करून दर फेरीला काही शतांश मिलिमीटर खरवडतात. हे काम शेपर यंत्रासारखे असून वेळखाऊ, पण खात्रीचे आहे.

## फिरता कटर स्लाइडवर

होल्ट्झॅपफेल लेथची उलट मांडणीही घरगुती कार्यशाळांत टिकून आहे. तिच्यात जॉब चकमध्येच राहतो आणि स्वतःची मोटर असलेला छोटा मिलिंग स्पिंडल क्रॉस स्लाइडवर किंवा व्हर्टिकल स्लाइडवर बांधला जातो. कातलेला जॉब चकमधून न काढताच त्यावर दाते, खाचा किंवा समान अंतरावरील भोके करता येत असल्याने कातलेला भाग व मिलिंग केलेला भाग एकमध्य राहतात.

यासाठी स्पिंडल ठरावीक अंशांत फिरवून थांबवावा लागतो. या क्रियेला विभाजन म्हणतात. सर्वांत साधी सोय म्हणजे स्पिंडलच्या मागील टोकाला आटे कापण्यासाठी मिळालेल्या दंतचक्रांपैकी एक बसवून त्याच्या दातांत अडकणारी खिटी लावणे. ६० दात्यांच्या चक्राने २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३० व ६० असे समान भाग मिळतात. ७ किंवा ११ असे भाग त्यातून मिळत नाहीत. त्यासाठी तितक्याच किंवा त्या पटीच्या दात्यांचे चक्र वा विभाजन शीर्ष लागते.

दंतचक्रे कापण्यासाठी दातांमधील पोकळीच्या आकाराचे कटर वापरतात. इन्व्होल्यूट आकाराच्या एका मोड्यूलसाठी आठ कटरांचा संच असतो. त्यातील एका टोकाचा कटर १२ व १३ दात्यांसाठी, तर दुसऱ्या टोकाचा १३५ दात्यांपासून पुढे सरळ दातपट्टीपर्यंत चालतो.

## दृढता व मर्यादा

एका टोकाला धरलेल्या दांड्याचे वाकणे त्याच्या बाहेर आलेल्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटते. कटर दुप्पट लांब बाहेर ठेवल्यास तो आठपट वाकतो. ६ मिमीऐवजी १२ मिमी कटर घेतल्यास त्याच लांबीला तो सोळावा भागच वाकतो. म्हणून कटर शक्य तितका जाड व आखूड धरणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. हाच नियम व्हर्टिकल स्लाइडलाही लागू पडतो. जॉब तिच्या टेबलाला जितका खेटून असेल तितके काम चांगले होते.

थरथर सुरू झाल्यास पृष्ठभागावर लाटा उमटतात व आवाज बदलतो. अशा वेळी वेग कमी करणे, गिब पट्ट्या आवळणे, कटर आखूड करणे आणि कापाची खोली घटवणे असे उपाय योजतात. स्पिंडलच्या बेअरिंगमधील अक्षाच्या दिशेची मोकळीकही तपासावी लागते. कातताना ती जाणवत नाही, पण पिळाचा कटर स्पिंडलला आळीपाळीने ओढतो व सोडतो, तेव्हा खाचेच्या तळावर पायऱ्या दिसू लागतात.

लेथ बनवताना क्रॉस स्लाइड अशी जुळवतात, की चकमधील जॉबचे तोंड सपाट करताना ते झाल्यास किंचित खोलगट व्हावे, फुगीर होऊ नये. ही अत्यल्प तिरपाई फ्लाय कटरने केलेल्या रुंद पृष्ठभागातही उतरते. बहुतेक कामांना त्याने बाध येत नाही. जिथे दोन पृष्ठभाग वाफ किंवा तेल न गळता एकमेकांवर बसायचे असतात, तिथे असा पृष्ठभाग नंतर खरवडून किंवा सपाट काचेवरील घासपेपरावर घासून पूर्ण केला जातो.

स्लाइडचा अपुरा पल्ला ही आणखी एक मर्यादा. लहान लेथवर क्रॉस स्लाइड व व्हर्टिकल स्लाइड यांचा प्रवास थोडाच असतो, त्यामुळे लांब जॉब दोनदा बांधावा लागतो आणि प्रत्येक वेळी जुळणी नव्याने करावी लागते. कातणे व मिलिंग आलटून-पालटून करायचे असल्यास मांडणी बदलण्यातच बराच वेळ जातो. लहान, तुरळक व अधूनमधून येणाऱ्या कामासाठी लेथवरील मिलिंग योग्य ठरते. नियमित किंवा जड मिलिंगसाठी स्वतंत्र यंत्राला पर्याय नाही. जड काप वारंवार घेतल्यास स्पिंडलचे बेअरिंग व क्रॉस स्लाइडचे सरकते पृष्ठभाग झिजतात आणि लेथची कातण्यातील अचूकताही कमी होते.

## सुरक्षितता

लेथवर कटर आडवा व उघडा फिरतो आणि क्रॉस स्लाइडचे चाक फिरवणारा हात त्याच्या जवळच असतो. त्यामुळे नेहमीच्या कातकामापेक्षा अधिक दक्षता लागते.

* डोळ्यांवर संरक्षक चष्मा आवश्यक असतो. मिलिंगचा कीस सुईसारखा तुटक असून दूरवर उडतो.
* हातमोजे, सैल बाह्या, ओढणी, मफलर व मोकळे केस फिरत्या कटरजवळ धोकादायक असतात.
* कीस यंत्र थांबवून ब्रशनेच काढतात. हात किंवा कापडाचा बोळा वापरत नाहीत.
* यंत्र सुरू करण्यापूर्वी स्पिंडल हाताने एक पूर्ण फेरा फिरवून कटर, क्लॅम्प व बोल्ट एकमेकांना लागत नाहीत याची खात्री करतात. चकची किल्ली व ड्रॉबारचा पाना काढून ठेवतात.
* जॉब किमान दोन ठिकाणी बांधतात. एकाच बोल्टवर धरलेला जॉब बाजूच्या बळाने फिरू शकतो.
* माप नेहमी यंत्र पूर्ण थांबल्यावरच घेतात.

काम संपल्यावर बेड, लीड स्क्रू व हाफ-नट यांवरील कीस स्वच्छ केला जातो. मिलिंगचा बारीक कीस कातकामाच्या लांब किसापेक्षा सहज फटींत शिरतो आणि सॅडलखाली राहिल्यास बेडवर ओरखडे पाडतो. त्यासाठी काम सुरू करण्यापूर्वीच बेड जाड कागदाने झाकून ठेवण्याची पद्धत आहे. फिरत्या भागांजवळ कापड मात्र अंथरत नाहीत.

## हेही पाहा

* कातयंत्र
* मिलिंग यंत्र
* शेपर यंत्र
* दंतचक्र